दोन क्लासांची विद्यार्थिनी

निवेदिता खानझोडेला बीजगणित येत नव्हतं, पण पाठ होतं. या दोन गोष्टींत फरक असतो हे तिला ब्रिस्टलला येईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

पाठ असण्याचं कारण साधं होतं. नागपूरला नंदनवन भागात त्यांचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत नवऱ्याचे, म्हणजे पुष्कर सरांचे क्लासेस, मागच्या खोलीत हिचा स्वयंपाक, आणि मधली भिंत असून नसल्यासारखी. लग्न होऊन आली तेव्हापासून कुकरच्या शिट्ट्या आणि 'ए अधिक बी कंसाचा वर्ग' हे दोन्ही तिच्या कानांवर बरोबरच पडत आले. सर शिकवायचे ते अख्ख्या गल्लीला कळेल अशा आवाजात. त्यांचा एक ठरलेला विनोद होता. फळ्यावर बरोबरचं चिन्ह काढायचं आणि म्हणायचं, "हा उंबरठा. उंबरठा ओलांडला की चिन्ह बदललं. अधिकाचं उणे, उण्याचं अधिक. लग्न झालं की मुलीचं आडनाव बदलतं ना, तसं." मुलं दरवर्षी हसायची, कारण मुलं दरवर्षी नवी असायची. निवेदिता तेवढी जुनी होती. ती पोळी उलटायची.

तिला स्वतःला दहावीला गणितात पस्तीस. काठावर पास, आणि तेही तपासणाऱ्याचा मूड बरा असावा म्हणून. पुढं तिनं गणिताचं तोंड पाहायचं नाही असं ठरवून बी.ए. केलं आणि वडिलांनी गणिताच्या सरांचं स्थळ आणलं. बघण्याच्या कार्यक्रमात मुलानं विचारलं होतं, "गणितात किती?" तिच्या वडिलांनी त्याच क्षणी पोह्यांची बशी पुढं केली. पोहे चांगले झाले होते म्हणून पुढचा प्रश्न निघाला नाही.

मग लॉकडाउन आला, आणि त्याच्या मागोमाग फोनवर शिकवणारे सर आले. त्यांचा फळा रंगीत, आवाज मऊ, आणि न कळलं तर पुन्हा लावून बघता येई. नंदनवनातले बाक रिकामे पडायला लागले. निवेदिता तेव्हा एका नर्सिंग होममध्ये कामाला होती. तिथल्या मैत्रिणीनं इंग्लंडमधल्या हेल्थकेअर असिस्टंटच्या जागांबद्दल सांगितलं, हिनं अर्ज केला, आणि घरात कुणी धड हो म्हणायच्या आत व्हिसा हातात पडला. व्हिसा तिच्या नावाचा. सर त्यावर डिपेंडंट. या शब्दाचा अर्थ त्यांना कुणी समजावून सांगितला नाही, पण इंग्रजी त्यांना येत होतं.

ब्रिस्टलमध्ये त्यांना फिशपॉन्ड्स भागात घर मिळालं. तिथं तळं म्हणावं असं काही त्यांच्या दृष्टीस पडलं नाही आणि मासे सुपरमार्केटात. सर पार्सलची व्हॅन चालवायला लागले. सकाळी जायचे, दुपार टळल्यावर यायचे, जेवायचे, टीव्ही लावायचे. तक्रार म्हणून नाही. नागपूरला या माणसानं भाजीत मीठ कमी पडलं तरी अर्धा तास व्याख्यान दिलेलं. इथं एकदा डाळीत मीठ घालायचं राहूनच गेलं, तर सरांनी मुकाट्यानं वाटी संपवली. निवेदिताला त्या दिवशी खरी भीती वाटली.

तिचं स्वतःचं मात्र बरं चाललं होतं, आणि याची तिला थोडी लाज वाटायची. वॉर्ड म्हाताऱ्या माणसांचा. ती त्यांना आंघोळ घालायची, भरवायची, बीपी घ्यायची, चादरी बदलायची. फक्त औषध द्यायचं नाही. मिसेस पार्सन्स नावाच्या आजीबाई होत्या, खुब्याचं हाड मोडलेल्या. तिथं बायका कुणालाही 'लव्ह' म्हणतात, आपल्याकडच्या 'बाळा'सारखं. आजीबाई रोज हिचा हात धरून म्हणायच्या, "लव्ह, माझी दुखण्याची गोळी." आणि ही रोज म्हणायची, "नर्सला सांगते." मग नर्सला शोधायचं, नर्स तीन पेशंटांत अडकलेली, तोवर आजीबाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. गोळी समोरच्या ट्रॉलीत असायची. निवेदिताला आयुष्यात फार काही हवं झालेलं नव्हतं, पण ती गोळी आपल्या हातानं द्यावी असं तिला फार वाटायला लागलं.

वॉर्डच्या सिस्टरनं ते ओळखलं. हॉस्पिटल दरवर्षी काहीजणांना नर्सिंग असोसिएटच्या कोर्सला पाठवायचं, तो झाला की औषध देता येई. या वर्षी वॉर्डमधून एक जागा होती, आणि सिस्टर म्हणाली, ती तुझी. फक्त तुझ्याकडे इथलं गणिताचं सर्टिफिकेट नाही. म्हणून कॉलेजची प्लेसमेंट टेस्ट द्यावी लागेल, त्यात बहुतेक बीजगणित. चाळीसपैकी अठ्ठावीस मिळाले तर सप्टेंबरच्या बॅचला थेट. कमी पडले तर आधी वर्षभर बेसिक मॅथ्स, आणि जागा दुसऱ्या कुणाला.

"अल्जिब्रा," निवेदितानं घरी येऊन सांगितलं.

सरांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग टीव्ही बंदच केला. "कधी आहे?" त्यांनी विचारलं.

"जूनमध्ये."

"पोर्शन काय?"

तिनं फोन दाखवला. सरांनी चष्मा लावून सगळी यादी वाचली आणि अशा चेहऱ्यानं वर पाहिलं की तिला नंदनवनातली खोली आठवली. "एवढंच होय," ते म्हणाले. "हे तर आपण दिवाळीच्या आत संपवायचो."

क्लास दुसऱ्या दिवसापासून सुरू झाला, जेवणाच्या टेबलावर. वेळेला सर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. घरातल्या घरात, एका विद्यार्थिनीसाठी. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "अहो, हे नाही कळलं." सर म्हणाले, "क्लासमध्ये अहो नाही." मग ती सर म्हणायला लागली. एकदा गॅसवर दूध होतं म्हणून ती मधेच उठली तर सरांनी विचारलं, "कुणाला विचारून उठलात?" ती पुन्हा बसली. दूध उतू गेलं आणि शेगडी तिनंच पुसली.

बातमी मराठी मंडळात पोचायला वेळ लागला नाही. मंडळातले बहुतेक लोक पुण्या-मुंबईचे, विमानांच्या नाहीतर सॉफ्टवेअरच्या कंपन्यांत. मराठी माणसाला दुसऱ्याच्या गणिताबद्दल मत नाही असं होत नाही. रेखाताई म्हणाल्या, व्हिडिओ बघ. पुण्याचा प्रणव म्हणाला, "अगं, लॉजिक समजून घे, बाकी काही नसतं," आणि लॉजिक काय ते न सांगता बटाटेवडा घ्यायला गेला. सर कोपऱ्यात उभे राहून ऐकत होते. एरवी मंडळात त्यांना कुणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं की ते हात धुवायला निघून जायचे. त्या दिवशी ते स्वतःहून पुढं आले. "माझ्या हाताखाली आहे ती," ते म्हणाले. "काळजी नाही."

काळजी होती. निवेदिताला पाठ असलेलं सगळं आठवायचं, फक्त कुठं वापरायचं ते उमगायचं नाही. सर सोडवून दाखवायचे तेव्हा सगळं सरळ दिसायचं. तिच्या हातात पेन आलं की आकडे उंबरठ्यावर घुटमळायचे. कधी चिन्ह बदलायचं राहायचं, कधी जिथं बदलायचं नाही तिथं बदलायचं. सर ओरडत नसत. ते पहिल्यापासून सांगायचे, त्याच शब्दांत, थोड्या मोठ्या आवाजात.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी ती टेस्टचं नाव नोंदवायला कॉलेजात गेली. नोंदणी लायब्ररीत होती, आणि लायब्ररीत एका टेबलाशी 'मॅथ्स हेल्प' असा कागद चिकटवून एक बाई बसली होती. वेल्सची, पन्नाशीची, केसांत पेन्सिल खोचलेली. नाव ग्वेन. टेस्टचे पेपर काढायचे आणि तपासायचे हे तिचंच काम, आणि मंगळवारी अडलेल्यांना मदत करायची हेही. निवेदितानं नाव लिहिलं आणि निघणार तोच ग्वेन म्हणाली, "आलीच आहेस तर बस ना. एक करून दाखव."

गणित होतं: तीन एक्स अधिक पाच बरोबर सतरा. निवेदितानं पाचाला उंबरठा ओलांडायला लावला. सतरातून पाच गेले, राहिले बारा. मग तीनही पलीकडे नेला, चिन्ह बदललं, बारातून तीन गेले. "नऊ," ती म्हणाली.

"घालून बघ," ग्वेन म्हणाली.

नऊ त्रिक सत्तावीस आणि पाच बत्तीस. सतरा काही होईनात.

"पाच पलीकडे का गेला?" ग्वेननं विचारलं. रागानं नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

का गेला हे निवेदिताला कधी कुणी विचारलं नव्हतं. तिनं इंग्रजीत उंबरठा समजावून सांगितला. आडनावाचंही सांगितलं. ग्वेननं सगळं नीट ऐकून घेतलं. "इथं कुणी कुठं जात नाही, लव्ह," ती म्हणाली. "हे पाच तुला नको आहेत ना? मग दोन्हीकडून पाच काढून टाक. दोघांचं सारखंच नुकसान, म्हणजे भांडण नाही. आता एक्सची तीनपट म्हणजे बारा. मग दोन्हीकडे तीननं भाग."

निवेदितानं भागलं. चार आले. घालून बघितलं, सतरा झाले.

"एवढंच?"

"एवढंच."

घरी येताना बसमध्ये तिला रडूच आलं, आणि थोडा रागही आला. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ते सगळं ऐकलं आणि त्यातलं एक वाक्य, का ते सांगणारं, कधी ऐकू आलं नव्हतं. सरांचाही त्यात दोष नव्हता. त्यांना त्यांच्या सरांनी असंच शिकवलं होतं. बोर्डाच्या पेपरला 'का' असा प्रश्न येत नसतो. तिनं ठरवलं, घरी गेल्या गेल्या सांगायचं की मला ही दुसरी पद्धत कळते, आपण अशी करू.

घरी सरांनी तिच्यासाठी सराव पेपर तयार केला होता. सगळा हातानं लिहिलेला, डाव्या बाजूला समास आखलेला, आणि वर, खाली दोन रेघा ओढून: 'खानझोडे क्लासेस, ब्रिस्टल शाखा'. व्हॅनमध्ये दुपारच्या सुट्टीत बसून लिहिला, असं ते म्हणाले. पावभाजीचा वास येत होता, म्हणजे स्वयंपाकही त्यांनीच केला होता. ते गुणगुणत होते. निवेदिता दारातच उभी राहिली. तिला त्यांची दया नाही आली. तिला ते आवडले. बऱ्याच दिवसांनी नवरा आवडावा आणि त्याच दिवशी त्याला तुमचं चुकतंय असं सांगावं, हे काही तिच्यानं झालं नाही. पावभाजीत मीठ जास्त होतं. तिनं तेही सांगितलं नाही.

तेव्हापासून तिचे दोन क्लास झाले. घरी उंबरठा, मंगळवारी ग्वेन. मंगळवारी "वॉर्डचं ट्रेनिंग असतं" असं ती सांगायची, आणि सर म्हणायचे, "हो, ट्रेनिंग चुकवायचं नाही." बाहेर कुणाशी लफडं असतं तर एवढा संकोच वाटला नसता. ग्वेनकडे जे कळायचं ते घरी येऊन सरांच्या पद्धतीत लिहायचं. उत्तर बरोबर यायचं, सर खूश व्हायचे. "बघितलंस?" ते म्हणायचे. "सराव." तिची प्रगती पाहून त्यांनी पुढचा भागही घेतला, वर्गसमीकरणं, मधल्या पदाची फोड करून. तिकडं ग्वेन अजून कंसातच होती.

टेस्टच्या दिवशी सर तिला व्हॅननं कॉलेजपर्यंत सोडायला आले. देवाला नमस्कार केलास का, असं विचारलं. केला होता. पाणी, पेन, दुसरं पेन, सगळं होतं. "घाबरायचं नाही," सर म्हणाले, "मी शिकवलंय ते आठवायचं."

तिनं आठवलं, तिथंच घोळ झाला. पेपर समोर आला आणि डोक्यात दोन्ही क्लास एकदम भरले. पाच एक्स उणे सात बरोबर दोन एक्स अधिक आठ. हातानं सातला पलीकडे नेलं, चिन्ह बदललं. मग ग्वेनचा आवाज आला, दोन्हीकडे सारखंच कर, म्हणून तिनं पुन्हा सात मिळवले. उत्तर आलं बावीस भागिले तीन. इतकं ओंगळ उत्तर पेपर काढणाऱ्याच्या मनात नसणार, हा संशय तिला आला, पण घड्याळ चाललेलं होतं. ती पुढच्या प्रश्नाकडं गेली आणि तिथंही तसंच केलं.

निकाल ईमेलनं आला. चोवीस. खाली लिहिलं होतं की एकदा पुन्हा बसता येईल, दोन आठवड्यांनी, आणि हवं तर येऊन आपला पेपर पाहता येईल. निवेदितानं फोन सरांच्या पुढं ठेवला आणि ती स्वयंपाकघरात गेली.

सर तिच्या मागं आले. "शक्य नाही," ते म्हणाले. "तपासण्यात गडबड आहे. गुणपडताळणीला टाकू."

"अहो, इथं गुणपडताळणी नसते. पेपर दाखवतात फक्त."

"मग बघू. माझ्या विद्यार्थ्याचा पेपर मी पाहिल्याशिवाय सोडत नाही. बोर्डाकडून आठ-आठ मार्क वाढवून आणलेत मी."

तिनं त्यांना थांबवायचा प्रयत्न केला. म्हणाली, मी एकटी जाते. म्हणाली, तुमची ड्युटी आहे. सरांनी ड्युटी बदलून घेतली. कॉलेजच्या जिन्यावर ते तिच्यापुढं दोन पायऱ्या होते, पार्सल कंपनीचं जॅकेट घातलेले, आणि इंग्रजी वाक्यं ओठांत जुळवत होते.  ग्वेन सुट्टीवर असावी अशी निवेदितानं मनोमन प्रार्थना केली.

ग्वेन समोरच होती. "निवेदिता!" ती म्हणाली. "अगं, मलाही वाईट वाटलं. दर मंगळवारी इतकी छान करायचीस."

सरांनी जुळवलेलं वाक्य तोंडातच राहिलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. निवेदितानं टेबलाकडे पाहिलं.

ग्वेननं पेपर काढून पसरला आणि काही म्हणणार तोच सरांचं बोट एका ओळीवर गेलं. मग दुसऱ्या पानावर गेलं. मग तिसऱ्या. आयुष्यभर मुलांचे पेपर तपासलेला माणूस तो, त्याला चूक शोधावी लागली नाही. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. गुणपडताळणीचा विषय त्यांनी काढला नाही.

"हिअर," शेवटी ते इंग्रजीत म्हणाले. "सगळीकडे एकच चूक आहे, मॅडम. तिनं सगळं दोन-दोनदा केलंय. एकदा माझ्या पद्धतीनं आणि एकदा तुमच्या."

ग्वेननं पाहिलं, आणि तिच्याही लक्षात आलं. "तुम्ही शिक्षक आहात?" तिनं विचारलं.

"होतो," सर म्हणाले.

परत येताना सरांनी व्हॅन स्टेपल्टन रोडनं घेतली. मग सिग्नलला सरांनी विचारलं, "कधीपासून?"

"मेपासून."

"दर मंगळवारी?"

"हो."

"माझं कळत नव्हतं का तुला?"

"नाही," निवेदिता म्हणाली. आता झाकून काय उपयोग होता. "तिचं कळत होतं."

"मग सांगायचं नाही का? काऊन नाही सांगितलंस?" सर फार दुखावले की त्यांचं नागपूर बाहेर येई.

"तुम्ही खूश होतात म्हणून," ती म्हणाली. "इकडे आल्यापासून पहिल्यांदा खूश होतात. मला ते मोडायचं नव्हतं. मला वाटलं, दोन्ही जमेल."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला नाही, इथं वाजवत नाहीत, पण सरांना उशीर झाला होता हे खरं.  घरी व्हॅन लावून झाल्यावर त्यांनी चावी काढली आणि तिथंच बसून राहिले.

"मला वाईट वाटलंय," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू. पण मी इतकी वर्षं पालकांना एकच सांगत आलो, पोराला एकाच क्लासला घाला. दोन सर झाले की पोरगं बुडतं. तर आजपासून आपला क्लास बंद. तू त्या बाईंचं धर. आणि पेपरात माझं काही म्हणजे काही आणायचं नाही. लक्षात राहील?"

"राहील."

"माझ्या गळ्याची शपथ घे."

तिनं घेतली. गळ्याला हात लावून घेतली, पार्सलच्या व्हॅनमध्ये बसून.

पुढचे दोन आठवडे जड गेले. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर निवेदिता एकटी बसायची आणि सर बाहेरच्या खोलीत टीव्ही लावायचे, आवाज अगदी बारीक, तिला त्रास नको म्हणून. ती अडली की तिला हाक मारावीशी वाटायची. ती मारायची नाही. कधी कधी सर पाणी प्यायला यायचे, फार सावकाश पाणी प्यायचे, तिच्या कागदाकडे न बघता परत जायचे. न बघणं त्यांना किती कठीण जात होतं ते तिला दिसत होतं. एकदा तर ते तहान नसताना तीनदा आले. इकडे ग्वेननं मंगळवारबरोबर शुक्रवारचीही वेळ दिली. कंस झाले, अपूर्णांक झाले. वर्गसमीकरणांपर्यंत काही ती पोचली नाही. म्हणाली, त्यावर शेवटचा एकच प्रश्न असतो, तो सोडलास तरी चालेल.

दुसऱ्या टेस्टला निवेदिता बसनं गेली. निकाल आला तेव्हा ती वॉर्डमध्ये होती. तिनं आधी सिस्टरला सांगितलं, सिस्टरनं तिला मिठी मारली आणि सप्टेंबरच्या कागदांवर तिचं नाव घातलं. ग्वेनकडून पेपरची झेरॉक्स घेऊन ती घरी आली तर सर दारातच होते. त्यांनी विचारलं नाही. 

"छत्तीस," ती म्हणाली.

सरांनी डोळे मिटले आणि उघडले. त्यांना किती आनंद झाला ते तिला दिसलं. तो कुठं ठेवावा हे मात्र त्यांना सुचेना. जन्मभराची सवय.

"चार कुठं गेले?" ते म्हणाले.

तिनं पेपर टेबलावर ठेवला. सर बसले, चष्मा लावला, पान उलटत गेले. सगळीकडे दोन्ही बाजूंना सारखंच केलेलं, नीट, एकाखाली एक. मधे त्यांनी एकदा मान हलवली. पद्धत चांगली होती, आणि ते ओळखण्याइतके ते शिक्षक होते. मग शेवटचं पान आलं. एक्सचा वर्ग अधिक सात एक्स अधिक बारा बरोबर शून्य. खाली पान कोरं.

"हे तर मी घेतलं होतं," सर म्हणाले. "फोड."

"हो."

"विसरलीस?"

"नाही."

"वेळ नाही उरला?"

"उरला होता. मी नुसती बसून होते."

"अगं, मग? येत नव्हतं का?"

"येत होतं," निवेदिता म्हणाली. "पण ते तुमचं होतं. तुम्ही शपथ घातली होती."

 सरांनी खिशातलं पेन काढून तिच्यापुढं सरकवलं. निवेदिता उभ्याउभ्याच टेबलावर वाकली. बाराचे तीन आणि चार, तीन अधिक चार सात. मधल्या पदाची फोड केली, कंस पाडले, उत्तरं लिहिली: उणे तीन, उणे चार. तिचा हात कुठं अडला नाही. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते आवरायची खटपट केली नाही.

"चार मार्क माझ्यापायी सोडलेस," ते म्हणाले. "पुन्हा असं करायचं नाही."

"नाही करणार. सप्टेंबरपासून औषधांची गणितं आहेत. तिथं माझं-तुमचं करून चालायचं नाही. चुकलं तर पेशंट जायचा."

सरांनी नाक पुसलं. "त्याचं पुस्तक आहे का?"

"आहे. पण मला त्यातलं अजून काही कळत नाही."

"मलाही कळणार नाही," सर म्हणाले. "आण. बसू दोघं."